मुलाचे भय आधी दूर करा
(पालकांच्या सभेत केलेले भाषण)



पूर्वी दिवेलागणीला मूल घरी परतले नाही, तर आई उंबऱ्यावर येऊन उभी राही आणि वडील गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन पाहून येत. आज मूल त्या वेळी घरातच असते, आपल्या डोळ्यांसमोर असते. म्हणून आपण निर्धास्त असतो. परंतु हातातील मोबाइलच्या वाटेने ते कोणाच्या ओसरीवर जाऊन बसले आहे, हे आपणांस ठाऊक नसते. त्या वाटेविषयी चार शब्द बोलावयास आम्ही येथे उभे आहोत.

इंटरनेट त्याज्य आहे असे आमचे म्हणणे नाही. शाळेच्या सूचना, अभ्यास, परगावच्या मामा-आत्याशी बोलणे, हे सारे आता त्यावरच चालते. नुसत्या बंदीने काही साधत नाही. घरी काढून घेतलेला फोन मूल मित्राच्या घरी हाती घेते. प्रश्न आहे तो वाटचालीत सोबत कोणाची, एवढाच.

संकट कसे येते ते पाहा. एखाद्या खेळात किंवा इन्स्टाग्रामवर समवयस्क म्हणवणारा कोणी ओळख काढतो. आठवडा-पंधरवडा गोड बोलतो. मग ‘आपण दोघेच बोलू’ म्हणून दुसऱ्या ॲपवर नेतो आणि एक दिवस नको तसे छायाचित्र मागतो. ते हाती पडताच त्याची भाषा पालटते. पैसे दे, नाही तर आणखी छायाचित्रे दे. न दिल्यास तुझ्या आईवडिलांना पाठवीन, असा तगादा सुरू होतो.

या शेवटच्या वाक्याकडे लक्ष द्या. धमकी आईवडिलांच्या नावाची आहे! ‘घरी कळले तर काय होईल’ हे भय त्या भामट्याने निर्माण केलेले नसते. ते आपल्याच घरात वाढलेले असते. तो त्या आयत्या भांडवलावर धंदा करतो. ते भांडवल काढून घेणे पालकांच्याच हाती आहे. “काहीही घडले तरी प्रथम आम्हांस सांग, आम्ही मारणार नाही, शिक्षा म्हणून फोनही हिसकावून घेणार नाही,” हे वचन संकट येण्यापूर्वीच दिले पाहिजे आणि प्रसंग आल्यावर पाळले पाहिजे.

घरातील शिस्तही हवी. लहान मुलांनी फोन बैठकीच्या खोलीत वापरावा. रात्री घरातील सर्वांचे फोन, वडिलांचाही, एका जागी ठेवावेत. फेसबुक व इन्स्टाग्राम यांची वयोमर्यादा १३ वर्षांची आहे. परंतु खोटे जन्मसाल घालून खाते उघडून देणारे पुष्कळदा आपणच असतो. अल्पवयीनांची खाती आपोआप खाजगी ठेवण्याची सोय इन्स्टाग्रामने केली आहे. वय खोटे सांगितले की त्या संरक्षणास मूल मुकते.

इतके करूनही प्रसंग ओढवलाच, तर पैसे देऊ नयेत. एकदा दिले की मागणी वाढते. संभाषण पुसून टाकू नये, तोच पुरावा होय. ते छायाचित्र मात्र कोणालाही पुढे धाडू नये. तसे धाडणे हाही गुन्हा आहे. पैसे गेले असल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे. मुलांच्या साहाय्यासाठी १०९८ हा क्रमांक आहे. ‘टेक इट डाउन’ या विनामूल्य सेवेत छायाचित्र कोणाकडे न पाठविता केवळ त्याची सांकेतिक खूण नोंदविता येते, आणि सहभागी कंपन्या तिच्या आधारे ते आपल्या जागेवरून हटवितात.

“पोलिसांत गेलो तर अब्रू जाईल,” असे आपल्यापैकी अनेकांच्या मनात येते. २०१२ च्या पोक्सो कायद्याने याचा विचार केला आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घ्यावा, घेणारा अधिकारी गणवेशात नसावा, शक्यतो स्त्री अधिकारी असावी आणि मुलाची ओळख वृत्तपत्रांपासून राखावी, असे त्यात सांगितले आहे. आपणां सीमाभागातील लोकांस आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवण्यासारखी आहे. मूल निपाणीस, मामा कोल्हापुरास आणि गुन्हेगार कोठे, हे कोणासच ठाऊक नाही, अशी स्थिती असते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, तक्रार जवळच्या ठाण्यात देता येते. ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका.

कायदा आहे, क्रमांक आहेत. परंतु या सर्वांच्या आधी मुलाचे तोंड उघडले पाहिजे, आणि ते आपल्यापाशीच उघडले पाहिजे. म्हणून आज घरी गेल्यावर फोनची झडती घेऊ नका. मुलाला जवळ बसवा आणि ते वचन द्या. एवढीच आमची आपणांस विनंती आहे.