अर्नेस्ट टब यांचा 'ब्लू ख्रिसमस'

नाताळची गाणी म्हटली की घंटा, बर्फ आणि आनंदीआनंद. अमेरिकेत मात्र 'ब्लू ख्रिसमस' हे विरहगीतही दर डिसेंबरात हौसेनं ऐकलं जातं. ते आज एल्व्हिस प्रेस्लीचं म्हणून ओळखतात. पण त्याच्या कितीतरी आधी ते लोकांच्या ओठी बसवलं कंट्री गायक अर्नेस्ट टब यांनी. त्यांची १९४९ची तबकडी जानेवारी १९५०मध्ये कंट्री गाण्यांच्या यादीत पहिली आली.

टब टेक्सासचे. उमेदीच्या काळात ते कंट्री गायक जिमी रॉजर्स यांच्यासारखं योडलिंग करत, म्हणजे आवाज एकदम वरच्या पट्टीत उलटवून गात. १९३९मध्ये टॉन्सिलची शस्त्रक्रिया झाली आणि ते कायमचं सुटलं. उरला तो सरळ, भरड, कधी सुरावरून किंचित घसरणारा आवाज. या गाण्याला, मला विचाराल तर, तोच शोभतो. हरकती नाहीत, रडारड नाही. बाकावर शेजारी बसलेला माणूस आपली कथा सांगतोय, इतकंच.

 

एल्व्हिसनं हे गाणं १९५७मध्ये गायलं, आणि त्याची तऱ्हाच वेगळी. मागं गायिका मिली कर्कहॅम यांचा तो लांबवलेला 'ऊ-ऊ' गाणंभर पाठ सोडत नाही. ऐकायला झकास, पण त्यात दुःखापेक्षा खट्याळपणाच जास्त.