आमदाराला उपआमदार नसतो



आज मी तुम्हांला एका रिकाम्या खुर्चीची हकीकत सांगणार आहे. शाळेत तीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवले. पण या खुर्चीने मला माझाच धडा पुन्हा वाचायला लावला.

२०२३ सालचा नोव्हेंबर महिना. अकोल्याला एका स्नेह्यांकडे उतरलो होतो. अकोला पश्चिमचे आमदार गोवर्धन शर्मा ३ नोव्हेंबरला वारले होते. १९९५ पासून ते निवडून येत होते. लोक त्यांना लालाजी म्हणत. संध्याकाळी ओट्यावर शेजारच्या एक काकू येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, लालाजी त गेले. पुढच्या महिन्यात नागपूरले अधिवेशन भरते म्हनतात. मंग आमच्या नालीचं तिथं कोन बोलनार?"

मी मोठ्या ऐटीत उत्तर दिले, "काळजी करू नका काकू. कायदाच आहे तसा. सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक होते, नवा माणूस येतो."

श्रोतेहो, माझे उत्तर चुकले. पुस्तकात होते तसेच मी सांगितले होते, तरी चुकले. ते कसे चुकले, हे कळण्यासाठी आधी सभागृहाची घडी थोडी समजून घ्यावी लागेल.

आपल्या विधानसभेत २८८ जागा आहेत. त्यांतली एखादी रिकामी झाली म्हणून काम अडत नाही. राज्यघटनेच्या १८९ व्या कलमात हे स्पष्टच लिहिले आहे, की जागा रिकामी असली तरी सभागृहाला काम करता येते. बैठकीला एकूण सदस्यांच्या एक दशांश माणसे हजर असली की गणपूर्ती झाली. म्हणजे आपल्याकडे २९ जण पुरे. गाडी एका बैलावाचून अडेल, सभागृह एका आमदारावाचून अडत नाही. आणि हे योग्यच आहे. नाहीतर कोणी आजारी पडले, कोणी वारले, की राज्याचा अर्थसंकल्पच खोळंबायचा.

जागा रिकामी कशी होते? मृत्यूने होते, राजीनाम्याने होते, अपात्र ठरल्याने होते. सभागृहाच्या परवानगीशिवाय कोणी साठ दिवस गैरहजर राहिला, तर सभागृह त्याची जागा रिकामी झाल्याचे जाहीर करू शकते. पण हे साठ दिवस अधिवेशनाचे मोजायचे, घरी बसल्याचे नव्हे. आणि हल्ली नागपूरचे अधिवेशन दोन आठवडे चालले तरी पुष्कळ झाले म्हणतात. तेव्हा या कलमाचे भय कोणी फारसे बाळगत असेल असे वाटत नाही! राजीनाम्याची गोष्ट निराळी. १९७४ साली गुजरातेत नवनिर्माण आंदोलनाच्या वेळी आमदारांवर दडपण आणून राजीनामे घेतले जाऊ लागले. तेव्हा त्याच वर्षी घटनेत दुरुस्ती झाली. राजीनामा मनापासून दिला आहे की कोणी लिहून घेतला आहे, याची अध्यक्षांनी खात्री करायची. ती पटली नाही तर तो स्वीकारायचा नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना आणखी एक गोष्ट जरूर सांगा. निवडून आले म्हणजे लगेच जाऊन बसता येत नाही. आधी शपथ. शपथ न घेता जो सभागृहात बसेल किंवा मत देईल, त्याला दर दिवसाला पाचशे रुपये दंड घटनेतच लिहिला आहे. पाचशे रुपये १९५० साली केवढे मोठे होते, याचा हिशेब वर्गात मुलांकडून करून घ्यावा.

आता मोठ्या खुर्च्यांकडे वळू. त्यांची व्यवस्था पाहिली म्हणजे काकूंच्या प्रश्नातली मेख कळते.

महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार. मूळचे चंद्रपूरकडचे, गरिबीतून वर आलेले. यशवंतराव चव्हाण नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि कन्नमवारांकडे राज्याची धुरा आली. पुरते एक वर्ष झाले आणि २४ नोव्हेंबर १९६३ रोजी पदावर असतानाच ते वारले. दुसऱ्याच दिवशी बाळासाहेब सावंतांनी, म्हणजे पी. के. सावंत यांनी, हंगामी म्हणून काम हाती घेतले. पुढे ५ डिसेंबरला वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले आणि अकरा वर्षांहून अधिक काळ राहिले. म्हणजे पाहा, राज्याची मुख्य खुर्ची एक दिवसही मोकळी पडली नाही. जुलै १९७८ मध्ये तर अधिवेशन चालू असतानाच वसंतदादा पाटलांचे सरकार गेले, आणि १८ जुलैला शरद पवार मुख्यमंत्री झाले. माणसे बदलली, खुर्चीवर कोणी ना कोणी होतेच.

अध्यक्षांच्या खुर्चीचेही असेच. १ डिसेंबर २०१९ रोजी नाना पटोले बिनविरोध अध्यक्ष झाले. ४ फेब्रुवारी २०२१ ला त्यांनी राजीनामा दिला. अध्यक्षांनी राजीनामा द्यायचा तो उपाध्यक्षांकडे, आणि उपाध्यक्षांनी द्यायचा तो अध्यक्षांकडे, अशी घटनेची मोठी गमतीदार रीत आहे. त्यानंतर जवळजवळ सतरा महिने नवे अध्यक्ष निवडले गेले नाहीत. अधिवेशने मात्र झाली, विधेयके संमत झाली. कारण उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ होते. ३० जून २०२२ ला एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले, आणि ३ जुलैला विशेष अधिवेशनात राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ मतांनी अध्यक्ष निवडले गेले. सतरा महिने अध्यक्ष नसावेत हे काही भूषण नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण काम थांबले नाही, हेही खरे.

विरोधी पक्षनेत्याच्या जागेला मात्र असा आधार नाही. २ जुलै २०२३ ला विरोधी पक्षनेते अजित पवार हेच उपमुख्यमंत्री झाले. पावसाळी अधिवेशन १७ जुलैला सुरू झाले ते विरोधी पक्षनेत्यावाचून. विजय वडेट्टीवार यांची निवड जाहीर झाली तेव्हा ऑगस्ट उजाडला होता आणि अधिवेशन संपत आले होते. सरकारला जाब विचारण्यात जो पुढे असायचा, त्याचीच जागा जवळजवळ सारे अधिवेशनभर मोकळी राहिली. ही रिकामी जागा विरोधकांची अडचण म्हणून लोकांनी सोडून दिली. मला ती आपली अडचण वाटते.

असो. मुख्यमंत्र्यांच्या जागी हंगामी येतो. अध्यक्षांच्या जागी उपाध्यक्ष बसतो. पण तुमच्या माझ्या मतदारसंघाच्या आमदाराला उपआमदार नसतो. त्याची जागा रिकामी झाली की ती पोटनिवडणुकीपर्यंत रिकामीच.

हे कोणी साध्या माणसानेच म्हटले आहे असे नाही. ५ जुलै २०२१ रोजी पावसाळी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी गैरवर्तनाच्या कारणावरून बारा आमदारांना एक वर्षासाठी निलंबित केले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ जानेवारी २०२२ रोजी न्यायालयाने सांगितले, की निलंबन चालू अधिवेशनापुरतेच चालेल, त्यापुढे नाही. त्यामागचा विचार लक्षात घ्या. आमदाराला काढूनच टाकले तर जागा रिकामी होते आणि पोटनिवडणूक घेता येते. पण वर्षभर निलंबित केले तर जागा रिकामीही नाही आणि भरलेलीही नाही. तेवढा काळ तिथल्या मतदारांना प्रतिनिधीच उरत नाही. म्हणजे शिक्षा आमदाराला, आणि भोगायची लोकांनी. त्या बारा जणांच्या वागण्याविषयी तुमचे मत काहीही असो, हा विचार पटण्यासारखा आहे.

आता पोटनिवडणुकीकडे येऊ. १९९६ साली लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यात कलम घातले गेले, की जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी. ती वेळेवर झाली म्हणजे किती चांगले होते, त्याचा दाखला पुण्याचा. कसबा पेठच्या आमदार मुक्ता टिळक फार आजारी होत्या. जून २०२२ मध्ये त्या रुग्णवाहिकेतून मुंबईला येऊन मतदान करून गेल्या होत्या. २२ डिसेंबर २०२२ ला त्या वारल्या. तेव्हा नागपुरात अधिवेशन चालू होते. पुढे २६ फेब्रुवारीला पोटनिवडणूक झाली. दुसऱ्या दिवशी मुंबईत अर्थसंकल्पी अधिवेशन सुरू झाले आणि २ मार्चला निकाल लागून रवींद्र धंगेकर निवडून आले. सत्तर दिवसांत कसब्याला प्रतिनिधी मिळाला, तोही ऐन अर्थसंकल्पाच्या वेळी.

अकोल्याचे असे झाले नाही. त्या कायद्यालाच एक अपवाद जोडलेला आहे: मुदत एक वर्षाहून कमी उरली असेल तर पोटनिवडणुकीचे बंधन नाही. विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबर २०२४ ला संपायची होती. शर्मा वारले तेव्हा वर्ष आणि तीन आठवडे उरले होते. त्यामुळे मी ओट्यावर बसून दिलेले उत्तर त्या दिवशी तरी बरोबरच वाटत होते. पण निवडणूक लगेच लागली नाही. ती लोकसभेच्या मतदानाबरोबर, २६ एप्रिल २०२४ ला ठेवली गेली. त्याला आव्हान दिले गेले, आणि मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती पोटनिवडणूक रद्द केली. कारण निवडून येणाऱ्याला वर्षाहून कमी मुदत मिळाली असती. थोड्या महिन्यांसाठी निवडणुकीचा एवढा खर्च कशाला, हे म्हणणे समजण्याजोगे आहे. पण तीन आठवड्यांचे ते अंतर हातचे निसटले आणि त्यापायी एक मतदारसंघ वर्षभर मोकळा राहिला, याची चुटपुट लागते. जागा कोणत्या महिन्यात रिकामी झाली, यावर लोकांचा हक्क ठरावा का? कायदा करणाऱ्यांनी याचा पुन्हा विचार करावा, असे मला मनापासून वाटते.

या काळात डिसेंबर २०२३ चे नागपूर अधिवेशन झाले. फेब्रुवारीत मराठा आरक्षणाच्या विधेयकासाठी एका दिवसाचे विशेष अधिवेशन झाले, पाठोपाठ अंतरिम अर्थसंकल्प झाला, जून-जुलैत पावसाळी अधिवेशन झाले. अकोला पश्चिमची खुर्ची तिथे नव्हतीच म्हणा ना.

शिक्षक बंधूंनो, तुम्ही म्हणाल, विधान परिषद आहे की! आहे खरी. तिच्यात ७८ जागा, त्यांतल्या सात माध्यमिक व त्यावरच्या शिक्षकांनी निवडायच्या. ते सभागृह कधी विसर्जित होत नाही. दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. पण तिथेही हीच कथा. राज्यपालांनी नेमायच्या बारा जागा २०२० च्या उन्हाळ्यात रिकाम्या झाल्या. त्यांतल्या सात ऑक्टोबर २०२४ मध्ये भरल्या गेल्या. जुलै २०२२ मध्ये सभापती रामराजे नाईक-निंबाळकर यांची मुदत संपली, आणि पुढचे सभापती राम शिंदे निवडले गेले ते १९ डिसेंबर २०२४ ला, नागपूरच्या अधिवेशनात. मधला सारा काळ उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी कामकाज चालवले. इथेही उपसभापती होत्या म्हणून निभावले.

मग काकूंनी करायचे काय? कोणताही आमदार राज्यातल्या कोणत्याही गावाचा प्रश्न विचारू शकतो. स्वतःच्याच मतदारसंघाचा विचारावा असे बंधन नाही. आपल्याकडे एकाच प्रश्नाखाली चार-सहा सदस्यांची नावे छापलेली असतात, ती उगीच नव्हेत. तेव्हा शेजारच्या मतदारसंघाच्या आमदाराला लिहावे, आपल्या भागातून परिषदेवर गेलेल्या सदस्याला लिहावे. अर्ज साधा असावा: गल्ली कोणती, नाली किती वर्षांपासून तुंबते, आधी कुठे अर्ज दिला, त्याची तारीख. तारीख असली म्हणजे प्रश्नाला वजन येते. असे पत्र शाळेतल्या नववीच्या मुलांकडून लिहवून घेतले, तर पत्रलेखनाचा आणि नागरिकशास्त्राचा तास एकदमच होतो.

पुढच्या खेपेला अकोल्याला गेलो तेव्हा हे सगळे मी काकूंना सांगितले आणि माझे आधीचे उत्तर चुकले होते, हेही कबूल केले. त्या हसल्या. म्हणाल्या, "गुरुजी, तुमचं चुकलं त चुकलं. पन अर्ज तुम्हीच लिहून द्या." दिला लिहून. खाली त्यांनी आपल्या हाताने सही केली, आणि गल्लीतल्या आणखी अकरा बायकांच्या सह्या घेऊन आल्या.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली. २३ तारखेला निकाल लागला आणि एक वर्ष वीस दिवसांनी अकोला पश्चिमला आमदार मिळाला. डिसेंबरात मुंबईत नव्या सदस्यांचे शपथविधी झाले. काकूंचा फोन आला होता, "गुरुजी, त्या अर्जाची नक्कल हाये ना तुमच्यापाशी? नव्या मानसाले द्याची हाये."

नक्कल होती. दुसऱ्या दिवशीच्या टपालाने पाठवून दिली.