मोदकाचा काय दोष?

गेल्या वर्षी गणेश चतुर्थीच्या दिवशी माझ्या सदऱ्याच्या खिशात एक कागद होता आणि समोर टेबलावर एक डबा. कागद रक्ततपासणीचा होता, डबा शेजारच्या वहिनींचा. कागदावर लिहिलं होतं, एचबीए१सी ६.१. गेल्या तीन महिन्यांत रक्तातली साखर सरासरी किती होती, ते हा आकडा सांगतो. तो ५.७ ते ६.४ यांच्या दरम्यान आला की समजायचं, मधुमेह अजून घरात शिरलेला नाही, पण उंबऱ्यावर येऊन उभा आहे. आणि डब्यात होते अकरा उकडीचे मोदक. वहिनी दारातूनच म्हणाल्या होत्या, ''भाई, गरम आहेत तोवर खा. तूप वेगळं दिलंय.''

श्रोतेहो, सांगा, अशा वेळी माणसाने काय करावं?

आम्ही पेणची माणसं. आमच्याकडे गणपती फक्त भाद्रपदात येत नाही, तो वर्षभर असतोच. पेण, हमरापूर, जोहे या भागात फिरा. ऐन उन्हाळ्यातसुद्धा कारखान्यांतून मूर्ती वाळत असतात, कुठे रंग चढत असतो, कुठे डोळ्यांची आखणी चाललेली असते. लहानपणापासून त्या वाटेने मी जातो-येतो आहे. मूर्तीच्या हातातल्या मोदकाला शेवटचा रंग लागताना कितीदा पाहिलं असेन. अशा गावातल्या माणसाने मोदकाला नाही म्हणायचं म्हणजे गावालाच नाही म्हणण्यासारखं. आणि डबा तर एकतर्फी नसतो. ईदच्या सकाळी आमच्याकडून शीरखुर्मा त्यांच्याकडे जातो. आमच्या आईच्या वेळेपासूनचा रिवाज आहे, शेजारचं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही. त्यामुळे 'मला गोड वर्ज्य आहे' हे वाक्य जिभेवर आलं, तरी बाहेर पडेना.

पण मोदकाकडे पाहताना मला रोह्याची आपा आठवत होती.

आपा माझी थोरली बहीण. लग्न होऊन रोह्याला गेली. पेणहून गाडीत बसलं की कासू, नागोठणे, निडी आणि मग रोहा, एवढंच अंतर. तिला मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली होती. गोळ्या घेत होती, पण मनातून तो आजार तिने कधी मानला नाही. एका ईदला तिने नवी चप्पल घेतली. चप्पल चावली, फोड आला, फुटला, पण तिला काही कळलंच नाही. मधुमेह जुना झाला की पायांच्या नसा बधिर होतात, दुखणं सांगणारा निरोप्याच मुका होतो. आठ-दहा दिवसांनी सुनेचं लक्ष गेलं तेव्हा जखम काळी पडली होती. डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

त्यानंतर घराने दारूबंदी असावी तशी गोडबंदी केली. साखरेचा डबा कपाटात गेला. ईदला शीरखुर्मा होई, पण आपाच्या पुढ्यात बिनसाखरेचं दूध येई. सगळे खायचे, ती बघायची. मुलांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. भीतीने माणूस कडक होतो. पण एकदा मी तिच्याकडे मुक्कामाला होतो. रात्री पाणी प्यायला उठलो तर आपा शिलाईच्या मशीनजवळ अंधारात उभी. हातात पेढ्यांचा पुडा होता. मला पाहून ती दचकली. तोंडातला पेढा तिने घाईने गिळला. सत्तरीला आलेली माझी बहीण, जिने मला कडेवर खेळवलं, ती शाळकरी मुलीसारखी माझ्यापुढे खाली मान घालून उभी होती. मी विचारलं, ''किती खाल्लेस?'' ती म्हणाली, ''मोजले नाहीत रे. आणि खरं सांगू? चवही लागली नाही.''

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. चोरून खाल्लेल्या गोडाची मोजदादही होत नाही आणि चवही लागत नाही. म्हणजे दोन्हीकडून तोटाच.

तर त्या चतुर्थीला मी ठरवलं की मोजून पाहायचं. मी मराठी घेऊन बी.ए. झालो. गणिताशी माझं कधी जमलं नाही, पण ही बेरीज फार अवघड नव्हती. साखर असो की पिठूळ पदार्थ, एका ग्रॅमला साधारण ४ कॅलरी. तूप किंवा तेल असेल तर ग्रॅमला ९. एवढं पाठ केलं की पुष्कळ काम होतं. वहिनींकडे जाऊन प्रमाण विचारलं. त्या हसल्या, पण त्यांनी सांगितलं: २१ मोदकांना पाव किलो तांदळाची पिठी, तेवढंच ओलं खोबरं आणि पावणेदोनशे ग्रॅमच्या आत-बाहेर गूळ. म्हणजे एका मोदकात १२ ग्रॅम पिठी, १२ ग्रॅम खोबरं, ८ ग्रॅम गूळ. हिशेब सव्वाशे कॅलरींच्या आसपास आला. वर चमचाभर तूप, म्हणजे ५ ग्रॅम, त्याच्या ४५. एकूण १७०. तूप तीन चमचे घेतलं, तर मात्र मोदकापेक्षा तूपच जड होतं.

मोदकाचा गुन्हा एवढाच निघाला. मग मी माझ्या रोजच्या दिवसाकडे वळलो, आणि तिथे चोर सापडला.

मी दिवसाला पाच कप चहा घेतो. घेत होतो म्हणू या. सकाळी उठल्यावर, पेपरबरोबर, दुपारी झोपून उठल्यावर, संध्याकाळी नाक्यावर आणि एखादा पाहुण्यांच्या निमित्ताने. प्रत्येकात दोन चमचे साखर. म्हणजे रोज १० चमचे, ५० ग्रॅम, २०० कॅलरी. दूध आणि बिस्किटं यात धरलेलीच नाहीत. वर्षाला ही साखर १८ किलोंच्या वर जाते आणि कॅलरी होतात ७३ हजार. त्याला १७० ने भागा. मंडळी, मी दर वर्षी चारशेहून अधिक मोदक, तेही तुपासकट, चहातून पीत होतो आणि मला एकाचीही चव कळलेली नव्हती! आणि घाबरत कोणाला होतो, तर वर्षातून एकदा डब्यातून येणाऱ्या मोदकाला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसभराच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि पाच टक्क्यांच्या आत ठेवता आली तर उत्तम. दोन हजार कॅलरींच्या आहारात दहा टक्के म्हणजे ५० ग्रॅम. माझा कोटा नाक्यावरच्या चहालाच संपत होता. गूळ, मध आणि फळांचा रससुद्धा याच हिशेबात येतात, हे लक्षात ठेवायला हवं. कारण आपल्याकडे 'गुळाचं आहे, चालतं' म्हणून फार फसवणूक होते. शंभर ग्रॅम साखरेच्या सुमारे ४०० कॅलरी, तर गुळाच्या ३८०. गुळाला चव आहे, वास आहे, म्हणून तो जरूर खावा. पण औषध म्हणून खाऊ नये.

दुसरी फसवणूक 'शुगर-फ्री' मिठाईची. आपा पेढ्याआधी हीच मिठाई निर्धास्तपणे खायची. डब्यावर साखर नाही असं लिहिलेलं असतं आणि ते खरंही असतं. पण खवा, काजू, तूप तर असतंच ना! त्यांच्या कॅलरी कुठे जातात? साखर नाही म्हणून दोनाच्या जागी चार तुकडे खाल्ले की हिशेब तोच. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी कृत्रिम गोडीवर विसंबू नका, असं याच संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं. ज्यांना मधुमेह आहे त्यांना तो सल्ला लागू नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरांनाच विचारावं. पण लेबल वाचून निर्धास्त होणं कोणालाच परवडणारं नाही.

हा प्रश्न माझ्या एका घराचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात दहा कोटींहून अधिक माणसांना मधुमेह आहे आणि साडेतेरा कोटींहून अधिक माझ्यासारखी उंबऱ्यावर आहेत. एवढी माणसं मोदकाने किंवा शीरखुर्म्याने आजारी पडली नसणार. मोदक आणि शीरखुर्मा तर आजोबा-पणजोबांच्या वेळीही होते.

मग बदललं काय? माझ्या लहानपणी, १९७०च्या दशकात, साखर रेशनवर मिळायची. पिशवी घेऊन मी रांगेत उभा राहिलो आहे. घरात रोजचा चहा बऱ्याचदा गुळाचा, तोही मोजका. साखर राखून ठेवली जाई ती दिवसासाठी. गोडाला दिवस असायचा. नागपंचमीला शेजारी हळदीच्या पानातल्या पातोळ्या. चतुर्थीला मोदक. आमच्याकडे ईदला शीरखुर्मा आणि पाहुणे आले की सांदण. शेजाऱ्यांचं सांदण फणसाचं, आमचं नारळाच्या दुधातलं, पण दोन्ही वाफेवरची. वाफेची कॅलरी शून्य! नारळाची मात्र मोजावी लागते. गोडाला जसा दिवस होता तसा वाटाही होता. एकवीस मोदक एकट्याने खायचे नसत. ते एकवीस असत, कारण वाटायचे असत. रोजा सोडताना खजूर घ्यायचा तोही एक किंवा तीन. पुढच्या पिढीत साखर स्वस्त झाली, मुबलक झाली, बाटलीत आली, बिस्किटात आली, सॉसमध्येसुद्धा शिरली. गोडाचा दिवस गेला आणि प्रत्येक दिवस नकळत गोड झाला. पायाने चालणं मात्र कमी झालं.

म्हणून मला वाटतं, कॅलरी मोजणं ही काही परदेशी कंजुषी नाही. आपल्या आईच्या हातात जो वाट्याचा अंदाज होता, तोच आकड्यात मांडलेला आहे. आई पातेल्यावर नजर टाकून वाटे करायची. आपली नजर चळली आहे, म्हणून आपल्याला तराजू लागतो. आणि मोजण्याचा मोठा फायदा म्हणजे उघड्यावर, चार माणसांत बसून, मान वर करून खाता येतं.

त्या चतुर्थीला मी एक मोदक खाल्ला. जेवणाच्या शेवटी, भाताचा एक डाव कमी घेऊन, एक चमचा तूप घालून. पाच मिनिटं लावली खायला. वेलचीचा वास आला, उकडीची मऊ पारी जिभेला कळली. संध्याकाळी भोगावतीच्या बाजूला चालून आलो. बाकीचे दहा घरात आणि कामाला येणाऱ्या बाईंच्या घरी गेले. दुसऱ्या दिवसापासून चहा दोन कपांवर आणला, साखर अर्ध्या चमच्यावर. पहिला आठवडा वाईट गेला. कविताही सुचेना. तिसऱ्या आठवड्यात नाक्यावरचा जुना चहा एकदा घेतला, तर तो मला पाकासारखा लागला. जीभ शिकते, मंडळी. वयाच्या पन्नाशीनंतरही शिकते.

मग ईद आली. मी रोह्याला गेलो. आपाच्या डॉक्टरांना आधीच विचारलं होतं. ते म्हणाले, गोळ्या चुकवू नका, त्या जेवणात पोळी-भात कमी करा, आणि छोटी वाटी चालेल. भाचेसुनेबरोबर बसून शीरखुर्म्याचा हिशेब केला. भरल्या वाटीला अडीचशेच्या पुढे कॅलरी जात होत्या. खुर्मा म्हणजे खजूर, तो स्वतःच गोड. मग साखर चतुर्थांशावर आणली, दूध साय काढून घेतलं, शेवया कमी तुपात परतल्या. अर्धी वाटी भरली आणि सगळ्यांबरोबर दस्तरखानावर आपाच्या पुढे ठेवली.

तिने आधी वाटीकडे पाहिलं, मग मुलाकडे, मग माझ्याकडे. म्हणाली, ''मला?''

''तुलाच. मोजून आहे. सावकाश खा.''

तिने चमच्याच्या टोकाने थोडं थोडं खाल्लं. चारोळी दाताखाली आली तर थांबली. संपल्यावर वाटी खाली ठेवून तिने सुनेला सांगितलं, ''वेलची जरा जास्त झालीय.'' सगळे हसले. कितीतरी ईदींनंतर आपाने स्वयंपाकाला नाव ठेवलं होतं. म्हणजे तिला चव लागली होती.

निघताना तिने माझ्या हातात डबा दिला, पेणच्या वहिनींसाठी. मी म्हटलं, ''किती आहे?'' आपा म्हणाली, ''चार माणसांच्या चार वाट्या. मोजून भरलाय.''