वर्गातील भ्रमणध्वनी

२०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा मुलांच्या हाती भ्रमणध्वनी आपणच दिला. आता तो काढून घेताना संकोच वाटणे स्वाभाविक आहे. फ्रान्सने २०१८ मध्ये कायदा करून शाळेत त्याच्या वापरास मनाई केली. आपली अडचण निराळी आहे. कित्येक घरांत एकच यंत्र असते आणि ते वडिलांबरोबर कामावर जाते. मग वर्गात ते नसलेल्या मुलाने खाली मान घालून बसावे काय? पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड शिक्षकांनीच उघडून सर्वांना दाखवावा. विद्यार्थ्यांनी यंत्र शाळेत आणू नये.

घरी आवर कोण घालणार, असे आपण विचाराल. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ मध्ये सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजवून दीड तास दूरचित्रवाणी व भ्रमणध्वनी बंद ठेवण्यास आरंभ झाला. तो निर्णय गावाचाच होता.