खांद्यावरचं ओझं उतरल्यावर



अध्यक्षपदाचा मान दिलात, मनापासून आभार. हौशी छायाचित्रकारांचं हे संमेलन शहरातल्या सभागृहात न भरवता मुळशीतल्या नेऱ्यात भरवलंत, याचा मला फार आनंद आहे. का, ते बोलता बोलता येईलच.

सकाळपासून मंडपात तेच प्रश्न कानावर पडताहेत. डीएसएलआर विकून टाकावा का? मिररलेस घेतला तर जुन्या लेन्सचं काय करायचं? लहान कॅमेऱ्यात तो दर्जा मिळेल का? हौशी माणूस पोटाला चिमटा काढून कॅमेरा घेतो, त्यामुळे हे प्रश्न मी हलके मानत नाही. आधी त्यांच्याकडेच वळतो.

आरशाच्या कॅमेऱ्यात, म्हणजे डीएसएलआरमध्ये, लेन्समधून आलेला उजेड आरशावरून वर जातो आणि प्रिझममधून आपल्या डोळ्यापर्यंत पोचतो. बटण दाबलं की आरसा उचलला जातो, मगच उजेड सेन्सरवर पडतो. हा आरसा हलायला जागा हवी, म्हणून निकॉनच्या १९५९ सालापासूनच्या एफ माउंटमध्ये लेन्सची बैठक आणि सेन्सर यांत ४६.५ मिलिमीटर अंतर आहे. आरसा काढून टाकल्यावर, २०१८ मध्ये आलेल्या झेड माउंटमध्ये ते १६ मिलिमीटरवर आलं. मधल्या साडेतीस मिलिमीटरच्या जागेत अडॅप्टरचं कडं बसतं, आणि वडिलांनी वापरलेली लेन्स मुलाच्या नव्या कॅमेऱ्यावर चालू लागते.

ती चालते कशी, हे दुपारी बाहेरच्या टेबलावर जरूर पाहा. एका सदस्याने निकॉनच्या जुन्या एफएम टू कॅमेऱ्यावरची ५० मिलिमीटरची लेन्स मिररलेसवर चढवून ठेवली आहे. ॲपर्चरचं कडं फिरवलं की बोटाला एकेक खटका जाणवतो. फोकसचं कडं हळूहळू फिरवत जा. पडद्यावर समोरच्या माणसाच्या चष्म्याची कडा लाल रेषेने उजळते, मग भुवई, मग पापणी. पापणी उजळली की थांबायचं. जुन्या कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडरमधल्या तुटक रेषा जुळवताना ज्यांचे डोळे शिणत, त्या साठीपुढच्या मंडळींना ही सोय म्हणजे छंदाला मिळालेली मुदतवाढ आहे. तेव्हा जुन्या लेन्स भंगाराच्या भावात देऊ नका, ही माझी पहिली विनंती. मुळशीच्या पावसाळ्यात त्यांना फंगस धरतो. हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा आणि ते जेल वरचेवर वाळवा.

लहान कॅमेऱ्याची ओढ काही आजची नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सदस्यांपैकी. त्या काळच्या ओल्या प्लेटच्या पद्धतीत काचेवर रसायन चढवायचं आणि ते सुकायच्या आत फोटो काढून धुवायचाही. म्हणजे बाहेर पडायचं तर अंधारखोलीच सोबत घेऊन निघायचं. पुढे जर्मनीत ऑस्कर बार्नाक या दम्याच्या रुग्णाला प्लेटचे जड कॅमेरे पेलवेनात. त्याच्या धडपडीतून १९२५ साली लायका बाजारात आला. जपानमध्ये योशिहिसा मैतानी यांनी १९५९ मध्ये ऑलिंपस पेन दिला, ज्यात छत्तीसच्या रोलवर बहात्तर फोटो निघत. आणि १९७२ मध्ये त्यांनीच पुढे ओएम वन म्हणून गाजलेला छोटा एसएलआर दिला. आपल्याकडे आग्फा क्लिक थ्री होता. एका रोलवर बारा फोटो! बारशापासून सहस्रचंद्रदर्शनापर्यंतचं सगळं त्यातच भागायचं, आणि आज आपल्या घरांतले जुने अल्बम जे काही बोलतात, ते त्या साध्या डब्यामुळे बोलतात. पॅनासॉनिकने २००८ मध्ये जी वन हा मिररलेस कॅमेरा आणला, तो याच ओढीचा पुढचा टप्पा.

आता वजनाचं पाहू. बॅटरी आणि कार्डासह निकॉनचा आरशाचा डी ८५० भरतो एक किलोच्या किंचित वर, मिररलेस झेड सिक्स ६७५ ग्रॅम. खरा फरक लेन्समध्ये आहे. कॅननची आरशाच्या कॅमेऱ्यांसाठीची शेवटची ६०० मिलिमीटर एफ फोर लेन्स तीन किलोंची. मायक्रो फोर थर्ड्सच्या लहान सेन्सरवर ऑलिंपसची ७५-३०० लेन्स लावली, तर दृश्याची चौकट तेवढीच मिळते आणि लेन्स ४२३ ग्रॅमची. कासारसाई धरणाच्या काठावर पहाटे ही लेन्स उजेडासाठी अडते, फोटोत दाणे येतात, हे मी मान्य करतो. पण गुडघेदुखीमुळे घरी बसलेला पक्षीमित्र ती घेऊन पुन्हा पाणथळीवर येतो आहे. माझ्या लेखी याचं मोल त्या दाण्यांहून जास्त आहे.

उणिवाही स्पष्ट सांगतो. एकाच प्रमाणित मोजमापात डी ८५० एका चार्जवर १,८४० फोटो देतो, तर झेड सिक्स ३१०. प्रत्यक्षात दोन्ही याहून जास्त देतात, तरी दिवे घाटात वारी टिपायला जाताना खिशात दोन जास्तीच्या बॅटऱ्या हव्यातच. लेन्स बदलताना सेन्सर उघडा पडतो, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरा. आणि आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर डोळे मिटून विसंबू नका. बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सर ओळीओळीने वाचला जातो. त्यामुळे मिरवणुकीत ताशावरची काडी वाकडी दिसते, लेझीम तिरकी होते, मंगल कार्यालयातल्या एलईडी दिव्यांखाली नवरीच्या चेहऱ्यावर पट्टे उमटतात. तिथे मेकॅनिकल शटरच लावा. ज्यांचा डीएसएलआर धडधाकट आहे आणि खांदा कुरकुरत नाही, त्यांनी केवळ शेजाऱ्याने बदलला म्हणून तो बदलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे झालं यंत्राचं. मला खरं सांगायचंय ते पुढेच आहे.

कॅमेरा लहान झाला, तो रोजच्या पिशवीत मावू लागला. मग आपण अजूनही महिन्यातून एकदाच गाडी काढून त्याच त्या ठिकाणी का जातो? भिगवणला रोहित, कासला फुलं, ताम्हिणीला धबधबे. सगळी सुंदर ठिकाणं, तिथे जायलाच हवं. पण एकाच बांधावरून शेकडो जणांनी एकाच कोनातून काढलेल्या फोटोंत आणखी एकाची भर पडते, आणि आपण राहतो त्या परिसराचा वर्षभरात एकही फोटो निघत नाही. जड बॅग होती तोवर हे समजण्यासारखं होतं. आता ती सबब उरलेली नाही.

नेऱ्याचा आनंद मला वाटला तो याचसाठी. हिंजवडीचं आयटी पार्क इथून हाकेच्या अंतरावर आहे. मुळशी हा आंबेमोहोराचा तालुका. इथल्या खाचरांत चिखलणी आणि आवणी पाहिलेली माणसं आज या मंडपात बसली आहेत, आणि त्या खाचरांलगत उभ्या राहिलेल्या इमारतींत नव्याने राहायला आलेले संगणक अभियंतेही बसले आहेत. आपल्यातले बरेच हौशी तर त्या दुसऱ्या गटातले. गाव डोळ्यांदेखत बदलतं आहे. बांध कुठे होता, विहिरीचं तोंड कुठल्या बाजूला होतं, पारावर कोण बसायचं, हे सांगणारी माणसं आहेत तोवरच टिपून ठेवता येईल.

ते कसं टिपायचं, याचं एक जुनं उदाहरण आहे. दादासाहेब फाळके मुळात छायाचित्रकार. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला, पण त्याआधी भांडवल देणाऱ्यांची खात्री पटवण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि रोप वाढेल तसं ते दिवसामागून दिवस टिपत गेले. जागा तीच आणि कॅमेराही तोच. पडद्यावर अंकुर वर आला तेव्हा लोक थक्क झाले. त्या छोट्या चित्रपटात ना देखावा होता ना दुर्मीळ पक्षी. एका जागी पुन्हा पुन्हा उभं राहण्याची चिकाटी तेवढी होती. हौशी माणसाजवळ असते ती हीच. वृत्तपत्राचा छायाचित्रकार बातमी संपली की निघतो, लग्नाचा छायाचित्रकार वरात संपली की. आपल्याला कुणी वेळ ठरवून दिलेली नाही.

म्हणून माझं सांगणं असं. प्रत्येकाने नेरे, मारुंजी, कासारसाई, हिंजवडी या पट्ट्यातली एक जागा निवडावी. शाळेचं फाटक, ओढ्यावरचा पूल, एखादं खाचर, काहीही. तिथे एकाच ठिकाणी उभं राहून, एकाच लेन्सने, दर ऋतूत फोटो काढावा. फाइलमध्ये तारीख, गाव आणि दिसणाऱ्या माणसांची नावं लिहावीत, अर्थात त्यांना विचारून. मूळ फाइल दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी. आणि ज्याचा फोटो काढला, त्याच्या हातात छापील प्रत नेऊन द्यावी. फोटो काढून नेतात, पण दाखवायला कुणी परत येत नाही, ही गावकऱ्यांची तक्रार रास्त आहे. निदान आपल्या मंडळींबद्दल ती ऐकू येऊ नये.

आयोजकांनाही एक विनंती. पुढच्या वर्षी प्रदर्शनातली एक पूर्ण भिंत या फोटोंसाठी राखा. कॅमेरा कुठला, हे चौकटीखाली लिहू नका. जागा आणि तारीख लिहा, आणि उद्घाटन गावातल्या सर्वांत वयस्कर शेतकऱ्याच्या हातून करा. प्रदर्शन संपल्यावर त्या प्रती ग्रामपंचायतीकडे आणि शाळेकडे कायमच्या द्या. कामाला आजपासून सुरुवात करता येईल. साडेचारनंतर ऊन उतरेल, तेव्हा मी कासारसाईच्या रस्त्याने चालत निघणार आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी एक कॅमेरा आणि एकच लेन्स घेऊन फाटकापाशी यावं.