अनुदान कुणाच्या खात्यात?

आम्ही सिन्नर तालुक्याच्या पूर्वेकडच्या, वावी-पांगरीच्या बाजूच्या बचत गटातल्या बाया. आमच्याकडे पाऊस पोचतो तो पश्चिमेच्या डोंगरावर रिकामा होऊनच. त्यामुळे बांधबंदिस्ती, शेततळं, ठिबक ही आमची हौस नाही, त्याशिवाय कांदा उभाच राहत नाही.

ही कामं करतं कोण? ठिबकच्या नळ्या अंथरायच्या, बुजलेली छिद्रं साफ करायची, पीक निघालं की नळ्या गुंडाळून ठेवायच्या. सगळं आपणच. अनुदान मात्र सातबाऱ्यावर ज्याचं नाव, त्याला.

२०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली. जास्तीत जास्त ५० हजार रुपये मिळायचे, पण आधी तळं खोदायचं, मग पैसे. जेसीबीवाला काही थांबत नाही. आमच्यातल्या एकीनं गटातून कर्ज काढलं. अनुदान आलं ते मालकांच्या खात्यात, आणि त्यांनी त्यातून थकलेली सोसायटी भरली. त्यांचंही चुकलं असं आम्ही म्हणणार नाही, घरचंच देणं होतं ते. पण गटाचा हप्ता मागितला की ती बिचारी खाली बघायची. वर्षभर मजुरी करून तिनं तो फेडला. तळं मालकांचं, कर्ज तिचं!

ठिबकचंही तेच. सरकारनं ठरवलेल्या खर्चाच्या ५५ टक्के अल्प-अत्यल्प भूधारकाला केंद्राच्या योजनेतून मिळतात, राज्य त्यात भर घालून ते ८० टक्क्यांपर्यंत नेतं. रक्कम लहान नाही. २०१५-१६च्या कृषी गणनेत देशभरात शंभर खातेदारांमागे बाया होत्या जेमतेम चौदा.

यावर एक वाट आहे आणि ती जुनी आहे. १९८६ साली आपल्याच जिल्ह्यात, चांदवडला, शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं होतं. तुमच्या सासूबाईंना विचारा, त्या भागातल्या असतील तर आठवत असेल. पुढे शरद जोशींनी ‘लक्ष्मी मुक्ती’ची हाक दिली, आणि १९९२ साली सरकारनं तसा निर्णय काढला. नवऱ्यानं स्वतः अर्ज केला तर बायकोचं नाव सहखातेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. खरेदीखत नको, मुद्रांक शुल्क नको. अर्ज तलाठ्याकडे द्यायचा, फेरफार धरला जातो, मंडळ अधिकारी तो मंजूर करतात. जमीन भावाभावांत सामाईक असेल तर मालकांच्या हिश्शापुरतंच हे चालतं, म्हणून आधी सातबारा नीट वाचून घ्या.

नाव लागलं म्हणजे पैसे लगेच आपल्या हातात आले, असं नाही बरं का. पण सामाईक खात्यावर महाडीबीटीला अर्ज करताना दुसऱ्या खातेदाराचं संमतिपत्र लागतं. म्हणजे मालकांनी अर्ज केला तरी आपली सही लागणार, आणि सही मागायची तर आधी सांगावं लागणार. आपण स्वतः अर्ज केला तर पैसे आपल्या खात्यात येतात, फक्त ते खातं आधारला जोडलेलं हवं. त्यासाठी बँकेत एक चक्कर आत्ताच मारून ठेवा.

येत्या सोमवारी आमच्या गटातली तीन जोडपी तलाठ्याकडे जाणार आहेत. चौथ्या घरी अजून बोलणं चालू आहे. सासरे म्हणतात, कांदा निघाल्यावर बघू.