जुन्या स्टेशन वॅगनचा लळा

माणसाचे वस्तूंवरचे प्रेम दोन प्रकारचे असते. एका प्रकारात प्रेम आधी जडते आणि वस्तू मागाहून घरात येते. दुसऱ्या प्रकारात वस्तू आधी येते, पुष्कळदा निव्वळ सोय म्हणून येते, आणि प्रेम तिच्या मागून न बोलावता उंबरठा ओलांडते. पहिल्या प्रेमाची वर्णने जाहिरातींतून रोज वाचावयास मिळतात. दुसऱ्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय हे दुसरे प्रेम आहे. उदाहरणादाखल निवडलेली वस्तू अगदी साधी आहे : एक जुनी, लांबट, डिझेलवर चालणारी स्टेशन वॅगन. स्थळ आहे दिल्लीतील रामकृष्णपुरम, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले आर. के. पुरम.

रामकृष्ण परमहंसांचे नाव धारण करणारी ही वसाहत केंद्र सरकारच्या नोकरवर्गासाठी वसविली गेली. उत्तरेस रिंग रोड, दक्षिणेस आउटर रिंग रोड, पलीकडे मुनीरका, अलीकडे भिकाजी कामा प्लेस आणि सातव्या सेक्टरातील टेकडीवर मलाई मंदिर, असा तिचा परिसर आहे. वसाहत उभी राहिली तेव्हा मोटारगाडी ही लिपिकाच्या किंवा अनुवादकाच्या घरची वस्तू नव्हती. बस, सायकल आणि पुढे स्कूटर यांवर त्यांचे आयुष्य चालले. मोटारी आल्या त्या नंतर, आणि त्यांतील कित्येक जुन्या बाजारातून आल्या. बदलीच्या नोकरीत बायकामुले, बिछाने, ट्रंका आणि पुस्तकांची खोकी एका खेपेत हलविता आली पाहिजेत, हा हिशेब करणाऱ्या गृहस्थाला स्टेशन वॅगन सोयीची वाटली तर त्यात नवल नाही. ती तो हौसेने घेत नाही. तिच्यात सामान मावते म्हणून घेतो.

याच वसाहतीच्या पश्चिम खंडातील सरकारी इमारतींमध्ये १९६१ साली स्थापन झालेल्या वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाचे कार्यालय अनेक वर्षे आहे. तेथे शब्द घडविण्याचे काम चालते. तेव्हा या वाहनाच्या नावाकडेही थोडे पाहणे अप्रस्तुत होणार नाही. 'स्टेशन' म्हणजे येथे रेल्वेचे स्टेशन. अमेरिकेत गाडीतून उतरलेले उतारू आणि त्यांच्या पेट्या घरी किंवा हॉटेलात पोहोचविण्यासाठी जी लाकडी सांगाड्याची वाहने असत, त्यांच्यापासून हे नाव पडले. फोर्ड कंपनीने १९२९ साली आपल्या 'मॉडेल ए' या मोटारीवर अशी वॅगन कारखान्यातच तयार करून विकावयास काढली आणि हमालीचे वाहन कुटुंबाचे वाहन झाले. इंग्लंडात त्यालाच 'एस्टेट कार' म्हणू लागले, कारण तेथे ते जमीनदाराच्या मळ्यावर, बंदुका आणि कुत्रे घेऊन हिंडण्याच्या कामी येई. मराठीत यास रूढ प्रतिशब्द नाही. परंतु 'इस्टेट' हा शब्द मराठीला परका नाही. वडिलांच्या मागे राहते ती इस्टेट. जिच्यावरून भाऊबंदकी होते ती इस्टेट. योगायोग असा, की या देशात तयार झालेल्या सर्वांत ठळक स्टेशन वॅगनचे नावही हेच होते, आणि ती तयार झाली पुण्याजवळ.

टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी, म्हणजे टेल्को, १९४५ साली स्थापन झाली ती रेल्वेची एंजिने बांधण्यासाठी. १९५४ पासून दीड दशक तिचा जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशी सहकार्याचा करार होता आणि त्यातून मालमोटारी निघू लागल्या. पिंपरी-चिंचवडचा कारखाना उभा राहिला तो सुमंत मुळगावकर यांच्या नेतृत्वाखाली. यंत्रे येण्यापूर्वी माणसे शिकवून तयार केली पाहिजेत आणि कारखान्याच्या माळावर झाडे लावली पाहिजेत, असा आग्रह धरणारे ते अभियंते होते. १९८९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी वर्षभर, १९८८ मध्ये, कंपनीने 'टाटामोबाइल' ही लहान मालवाहू गाडी काढली होती. तिच्याच अंगावरून १९९१ मध्ये तीन दारांची 'सिएरा' आणि १९९२ मध्ये पाच दारांची 'एस्टेट' निघाली. म्हणजे एस्टेट ही मुळात मालवाहू गाडीची सुशिक्षित बहीण होती. १९४८ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे डिझेल एंजिन, शक्ती सत्तर अश्वशक्तीच्याही आत, आणि ठेवण अशी की अनेकांना तीत जर्मन मर्सिडीझच्या वॅगनची छाया दिसली.

ही गाडी लोकांनी डोक्यावर घेतली नाही. कारण तिच्या आकारातच होते. आपल्याकडे मोटार म्हणजे पुढे एंजिन, मध्ये माणसे आणि मागे स्वतंत्र डिकी अशी तीन खणांची कल्पना पक्की झालेली. मागे पसरत गेलेले छत अनेकांना रुग्णवाहिकेची आठवण देई. शिवाय आपल्या कुटुंबाला सामानाच्या जागेपेक्षा बसण्याची जागा अधिक लागते. १९९४ मध्ये त्याच कंपनीची 'सुमो' आली, तिच्यात दहा माणसे बसत, आणि गावोगावच्या प्रवाशांनी तिला आपलेसे केले. मुळगावकरांच्या नावाआडनावाची आद्याक्षरे तिच्या नावात गुंफली होती. १९९८ च्या अखेरीस 'इंडिका' आली. नवे शतक सुरू होण्याच्या सुमारास एस्टेटचे उत्पादन संपले आणि ती जुन्या बाजाराच्या स्वाधीन झाली.

जी गाडी नवी असताना लोकांना आवडली नाही, तिचा जुनेपणी लळा कसा लागतो, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर भावनेत शोधण्याऐवजी यंत्रात शोधले तर लवकर सापडते.

नव्या मोटारीचा सारा प्रयत्न चालकाला यंत्राचा विसर पडावा असा असतो. जुन्या डिझेल गाडीला हे साधत नाही. किल्ली फिरविली की ती लगेच सुरू होत नाही. सिलिंडरात डिझेल पेटते ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेने. दिल्लीच्या जानेवारीत ती उष्णता पुरत नाही, म्हणून आतील तारा तापवाव्या लागतात. समोरचा लहान दिवा विझेपर्यंत चालकाला थांबावे लागते. हा अवधी काही सेकंदांचाच, पण रोज सकाळी माणसाला काही सेकंद थांबावयास लावणाऱ्या वस्तू घरात किती असतात? पुढे रस्त्यावर आल्यावरही तेच. टर्बोची मदत नसलेले एंजिन गाडीला ओढते, उडवीत नाही. पुढच्या ट्रकला मागे टाकावयाचे असेल तर बेत अर्धा फर्लांग आधी करावा लागतो. चढ दिसताच, तो लागण्यापूर्वी, गियर बदलावा लागतो. मागे ट्रंका भरल्या असतील तर ब्रेक लवकर लावावा लागतो. पॉवर स्टिअरिंग नसेल तर उभ्या गाडीचे चक्र फिरविताना दंड भरून येतात, पण गाडी चालू लागली की रस्त्याचा प्रत्येक खडा हाताला कळतो. चालकाला यंत्राकडे लक्ष द्यावे लागते, आणि जिकडे माणूस दीर्घकाळ लक्ष देतो तिकडे त्याची माया जडते. मूल, झाड, दुभते जनावर यांच्या बाबतीत हे सर्वांना ठाऊक आहे. मोटारीच्या बाबतीत ते कबूल करावयास संकोच वाटतो इतकेच.

यात स्टेशन वॅगनची स्वतःची म्हणूनही काही भर असते. तिच्या चारी बाजूंना काचा पुष्कळ. आरशात मागचे सारे घर दिसते, म्हणजे झोपलेली मुले, कलंडलेली सुरई आणि गाठोडी. लहान मोटारीत कुटुंब बसते. वॅगनमध्ये संसार बसतो. आर. के. पुरमच्या बाजूने निघून राष्ट्रीय महामार्ग ४८ धरला, की जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, सुरत, मुंबई करीत तोच रस्ता पुण्याला आणि पुढे सातारा-कोल्हापूरकडे जातो. पूर्वी याच्या उत्तरेकडील भागाला क्रमांक आठ म्हणत. या लांबच्या वाटेवर दिल्लीतील मराठी माणूस आपल्या मुलुखाशी जोडलेला आहे, आणि ही गाडी त्याच वाटेने, उलट दिशेने, केव्हातरी दिल्लीस आलेली असणार. घेताना ज्याने तिला केवळ सामानाची सोय मानले, त्याला वर्षा-दोन वर्षांनी आढळते, की काही काम नसतानाही आपण किल्ली हातात घेतली आहे.

येथे हे व्याख्यान संपविता आले असते, तर ते केवळ एका हौसेचे कौतुक झाले असते. परंतु लक्ष देण्याची सवय एंजिनाच्या झाकणापाशी थांबत नाही. तिला मागच्या नळकांड्यापर्यंत जावे लागते. कसलेला चालक धूर वाचतो. धूर काळा असेल तर डिझेल पुरते जळत नाही, म्हणजे हवेची गाळणी तुंबली असेल किंवा नोझल झिजले असेल. निळसर असेल तर वंगणाचे तेल जळते आहे. थंडीत पांढरा असेल तर डिझेल न जळताच बाहेर पडते आहे. दोष समजला की काश्मिरी गेटच्या बाजारात सुटा भाग शोधावयाचा आणि मिस्त्रीकडून बसवून घ्यावयाचा. इतके केल्यावर धूर दिसेनासा होतो आणि मालकाचे समाधान होते.

पण दिसेनासा झालेला धूर नाहीसा झालेला नसतो. अडीच मायक्रोमीटरहून लहान कण डोळ्यांना दिसत नाहीत. माणसाचा केस त्यांच्याहून वीसपट किंवा अधिक जाड असतो. हे कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. डिझेलचा धूर कर्करोगास कारण होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१२ मध्ये दिला. जिथे डोळा थकतो तिथे उपकरण लागते, आणि असे एक उपकरण आर. के. पुरममध्येच बसविलेले आहे. दिल्लीच्या हवेचे मोजमाप ज्या केंद्रांवर अहोरात्र होते त्यांपैकी एक येथे आहे. हिवाळ्यात वर्तमानपत्रांत या वसाहतीचे नाव बहुधा त्याच आकड्यांबरोबर छापले जाते. चोवीस तासांसाठी आपल्या देशाची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात ती मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडली जाते.

या पार्श्वभूमीवर कायदा आला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१५ मध्ये दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांना दिल्ली परिसरात मनाई केली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना पंपावर इंधन न देण्याचा उपक्रम सुरू झाला, पण काही दिवसांतच तो स्थगित झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई करू नये असे म्हटले. डिसेंबरात हे संरक्षण भारत स्टेज-४ व त्यापुढील वाहनांपुरते ठेवले. एस्टेट ही भारत स्टेजची मानके येण्यापूर्वीच्या काळात घडलेली गाडी. दिल्लीच्या रस्त्यावर तिला आता जागा नाही.

मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. तो म्हणतो, की वयापेक्षा प्रकृती पाहावी. वर्षातून थोडेच चालणारी, नीट राखलेली गाडी आणि दिवसरात्र धावणारा ट्रक यांना एका मापाने का मोजावे? दिल्लीचा धूर बांधकामांचा, भट्ट्यांचा, शेतातील जळत्या खुंटांचाही आहे. हे सारे खरे आहे. परंतु मापकेंद्राजवळच्या शाळेतील मुलाला श्वास घेताना कोणता कण कोणाचा, हे निवडता येत नाही.

मग मार्ग कोणते उरतात? गाडी मोडीत काढता येते. २०२१ पासून दिल्लीत जुन्या डिझेल गाडीचे एंजिन काढून विजेची मोटर बसविण्याचीही मुभा आहे, पण मग तारा तापण्याची ती वाट पाहणे उरत नाही. पन्नास वर्षांच्या गाडीस ऐतिहासिक म्हणून वेगळी नोंदणी मिळते. १९९२ ची एस्टेट त्या मानास २०४२ मध्ये पोहोचेल. आणि चौथा मार्ग म्हणजे ना-हरकत दाखला घेऊन तिला महाराष्ट्रात नेणे. तेथे योग्यता-तपासणी आणि पर्यावरण कर यांतून पार पडल्यास तिची नोंदणी पुन्हा होऊ शकते. हा शेवटचा मार्ग मनाला सर्वांत गोड वाटतो : लेक माहेरी चालली. पण पुण्याच्या मुलांची फुप्फुसे दिल्लीच्या मुलांपेक्षा कमी मोलाची आहेत काय, हा प्रश्न त्या साऱ्या वाटेभर गाडीत बसून येतो.

त्याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडणार नाही. कोणी गाडी मोडीत देईल, कोणी ती पुण्यास नेऊन सणावारीच बाहेर काढील. कोणताही निर्णय घेताना मात्र एवढे ध्यानी असावे, की या गाडीने चालकाला दिलेली खरी शिकवण वेगाची किंवा ऐटीची नव्हती. थांबावे, ऐकावे, पुढचा चढ आधी पाहावा, मागे बसलेल्यांचा भार ओळखून ब्रेक लावावा, ही ती शिकवण होती. जो तिच्याकडून एवढे शिकला, त्याला रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या अनोळखी माणसाचाही श्वास ऐकू यावयास हवा. गाडी राहो वा जावो, तिच्यापासून मिळालेली ती सवय मुलांच्या हाती देता येते. मराठीत जिला इस्टेट म्हणतात, तिची वाटणी करावी लागते. ही मात्र न वाटता सगळ्यांना पुरते.